वाण्याची येळवस

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण गोष्ट सांगायची तर एकदा घ्यावंच लागणार. शांतलिंगप्पा. घेतलं. आता पुढं नुसतं 'हे' म्हणेन, तुम्ही समजून घ्या.

अणदूरच्या पेठेत, खंडोबाच्या देवळाकडं जाताना डाव्या हाताला आमचं किराणा दुकान. तिथं यांनी चाळीस वर्षं गूळ, मीठ, तेल आणि सुपारी विकली. तराजू हातात घेतला तेव्हा यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं आणि मुलाच्या हातात दिला तेव्हा मिशी पांढरी झाली होती. मापात कधी पाप केलं नाही, हे मी बायको म्हणून नाही, गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. पण आमच्याकडं जमीन नव्हती. वीतभरसुद्धा नव्हती.

त्याचं दुःख वर्षातून एकच दिवस व्हायचं, येळवशीला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जातं. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात आणि घरची बाई लक्ष्मी पुजते. मग ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, हिरव्या दाण्यांची घोटलेली भाजी म्हणजे भज्जी, बाजरीचे उंडे असं जेवण. वाटेनं जाणाऱ्यालाही सोडत नाहीत. "या, येळवस खायला या!" अशी हाक मारून बसवतात. पण ती हाक ज्याची कोप आहे त्यानंच मारायची. आम्ही चाळीस वर्षं ती नुसती ऐकली.

बब्रुवान नावाचे एक शेतकरी होते. यांच्याच वयाचे, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. ते दर वर्षी आम्हाला त्यांच्या कोपीवर न्यायचे. प्रेमानं न्यायचे, त्यात खोट काढणार नाही. पण आंबिलीचं दुसरं गाडगं झालं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "खावा, शांतलिंगप्पा, खावा! वाण्याची येळवस दुसऱ्याच्या शिवारात!" सगळे हसायचे. हेही हसायचे. मला हसू यायचं नाही. मी माकणीच्या शेतकऱ्याची लेक. लग्नाआधी आईच्या हाताखाली कोपीत बसून लक्ष्मी पुजलेली. लग्नानंतर दुसऱ्यांच्या बायका पुजताना बघायचं आणि ताटावर बसायचं. परत येताना बैलगाडीत आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसू. काय बोलायचं ते दोघांनाही माहीत होतं.

साठी झाली त्या वर्षी यांनी दुकान थोरल्याच्या, शिवलिंगच्या हवाली केलं. परमुलखात लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, पुड्या बांधायला रद्दीसुद्धा मिळत नव्हती. हे पळसाच्या पानात गुळाची पुडी बांधायचे. अशा दिवसांत एका सकाळी लिंगपूजा आटोपून हे बाहेर आले आणि म्हणाले, "जमीन घेतो. तिथंच ऱ्हायाचं. जमीन देईल ते खायाचं."

मला आनंद झाला, पण तो लगेच दाखवला तर बायकोपणाला बट्टा लागतो. मी म्हटलं, "बरं. आधी नांगर कुठल्या बाजूनं धरतात ते शिका."

जमीन बघायची यांची रीत ऐका. शेतकरी जमीन बघायला जातो तेव्हा ढेकूळ फोडतो, वास घेतो, आजूबाजूचं गवत बघतो. यांनी तराजू काढला. जी रानं विकायला होती त्या प्रत्येकातली माती फडक्यात बांधून आणली. सगळी उन्हात वाळवली, सारख्या वजनाची केली, प्रत्येक फडक्यावर तांब्या तांब्या पाणी ओतलं आणि दुकानाच्या आढ्याला टांगली. तिसऱ्या दिवशी सकाळी एकेक उतरवून परत तोलली. जिचं वजन जास्त, तिनं पाणी धरून ठेवलं. गाव बघायला जमलं. "वाणी माती इकायला लागला काय?" असं विचारून गेलं.

नदीकाठची काळीभोर माती हलकी भरली आणि एका झाडीच्या रानातली माती सगळ्यांत जड भरली. ते रान बब्रुवानचंच होतं. ओढ्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी. लिंब, करंज, चिंच, बोर, सीताफळीची बेटं आणि सगळीकडं पळस. शेळ्या चारण्यापलीकडं त्याचा उपयोग कुणी केला नव्हता. शंभर वर्षांचा पाला तिथं पडून कुजला होता आणि त्या पाल्यानं पाणी धरलं होतं. हे तराजूला कळलं, गावाला कळलं नाही.

बब्रुवाननी रान हसत हसत दिलं. "झाडं तोडा, लाकूड इका, मग काय तरी पिकंल. न्हायतर पाखरांची धर्मशाळा हाय ती," म्हणाले. निजामाचं राज्य, म्हणून पटवाऱ्यानं उर्दूतला कागद वाचून दाखवला. दारूची म्हणून शिंदीची चार झाडं सरकारची, बाकी सगळी आमची. यांनी मोडीत सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले.

शिवलिंगला हे अजिबात पटलं नाही. पोरगा चांगला, पण पेठेत वाढलेला. "आप्पा, गाव काय म्हणंल? शिवलिंगनं आईबापाला रानात काढलं म्हणंल. अव्वाचे गुडघे दुखत्यात. तिथं वैद्य न्हाय, माणूस न्हाय. काय खाणार तुमी?"

"रान देईल ते."

"आन् नाय दिलं तर?"

हे मला न विचारता माझं घर पणाला लावून मोकळे झाले. "पुढल्या येळवशीला माझ्या रानात कोप घालीन. येईल त्या माणसाला पोटभर जेवू घालीन, सगळं रानातलं. दुकानातलं मीठ तेवढं नेईन. एक दाणा जरी इकत आणावा लागला, तर म्या सोता रान इकतो आन् तुझ्या ओट्यावर येऊन बसतो. मग मरंस्तवर रानाचं नाव काढायचा न्हाय."

"ठरलं," शिवलिंग म्हणाला. त्याला वाटलं, वर्षभराचाच प्रश्न आहे.

मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी भांडी बांधायला घेतली.

शिमग्यापर्यंत दगडमातीच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. वर लिंबाचं आढं आणि गवताचं छप्पर. माकणीहून भावानं गाय पाठवली. रानाच्या मधोमध काटेरी झुडपं होती, तेवढीच काढून अर्ध्या एकराची मोकळी जागा केली. बाजूच्या एकाही झाडाला यांनी कुऱ्हाड लावू दिली नाही. "ह्याच झाडांनी माती जड केली. तीच तोडायची?" असं म्हणायचे. मृगात ज्वारी टाकली, कडेनं बाजरी, तूर, वाल, अंबाडी. एका कोपऱ्यात राळं, ते बारीक पिवळं धान्य. झाडांच्या सावलीत मी हळद, आलं आणि मिरची लावली. करडई, हरभरा पुढं पेरायचा होता. करंजाच्या ढोलीत मधाचं पोळं सापडलं. चिंच तर इतकी की शेजारच्या वस्तीला वाटली. खरं सांगते, माझे गुडघे दुखायचे थांबले. थांबले म्हणजे दुखायचे, पण सांगायला फुरसत मिळायची नाही.

ज्वारी अशी आली की बब्रुवान बांधावर उभे राहून बघतच राहिले. पुरुषभर उंच, कणसं मुठीत न मावणारी. हे रोज संध्याकाळी ज्वारीच्या उभ्या ताटांमधून फिरायचे आणि कणसांना हात लावायचे, जसे पूर्वी गुळाच्या ढेपांना लावायचे.

आणि दाण्यात दूध भरलं त्या आठवड्यात भोरड्या आल्या.

भोरड्यांचा थवा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. आभाळातून एक काळी चादर खाली येते आणि उठते तेव्हा कणसाचा नुसता सांगाडा उरलेला असतो. मोकळ्या शिवारात शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण मारतो, पाखरं उडून जातात. आमच्याकडं ती उडून जायची कुठं? चारी बाजूंनी झाडं. गोफणीचा दगड सुटला की पाखरं फर्रकन पळसावर जाऊन बसायची आणि आम्ही पाठ फिरवली की परत कणसावर. बब्रुवान म्हणाले होते ती पाखरांची धर्मशाळा ही अशी. चार दिवसांत कडेच्या ओळी संपल्या.

गोफण मारून माझा खांदा सुजला. ताटांत उभी राहून मी ओरडले, "झाडं तोडा आता! अजून काय बघताय?"

बब्रुवानही आले होते. गावच्या सगळ्याच शिवारात पाखरांनी धुमाकूळ घातला होता, पण आमच्याइतका कुठंच नाही. "वैनी बरोबर म्हणत्यात. उद्या चार गडी लावून देतो. वरच्या अंगाची झाडं आडवी केली की पाखरू बसंल कुठं?"

हे बांधावर बसले. शेजारी पळसाचं एक रोप होतं, त्याचं रुंद पान यांनी सहज तोडलं. हातांना सवयच ती. पान दुमडलं, कोन केला, तोंड मुडपलं. पुडी झाली. हे त्या पुडीकडं बघत राहिले. मग उठले, एक ताट खाली वाकवलं, कणसाला दोन पानं गुंडाळली, अंबाडीच्या वाखानं करकचून बांधलं आणि ताट सोडून दिलं. ताट वर गेलं. शेंड्यावर कणसाऐवजी हिरवी पुडी डुलत होती.

बब्रुवाननी कपाळावर हात मारला. "आरं देवा! वाणी कणसं पुडीत बांधतूया!"

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बघायला आलं. येऊ द्या म्हटलं. यांनी आकडीनं ताट वाकवायचं, पुडी बांधायची आणि सोडायचं. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. मी पानं तोडून द्यायची, वाख सोलून द्यायची. मीही बांधायला बघितलं. माझी पुडी वाऱ्यानं सुटायची. यांची एक सुटली नाही. चाळीस वर्षं रोज शेकड्यांनी पुड्या बांधलेला हात तो, बघण्यासारखा चालायचा. मनातल्या मनात मी म्हटलं, गौराबाई, तू शेतकऱ्याची लेक असशील, पण हे तुझ्या बापाला सुचलं नसतं.

तिसऱ्या दिवशी मात्र मला संशय आला. पहिल्या दिवशी बांधलेली एक पुडी मी सोडून बघितली. आतून कोंदट वास आला. दाण्यांवर पांढरी बुरशी धरली होती. दुसरी सोडली, तीच गत. यांनी कणसं साखरेसारखी बांधली होती. वारा आत जायला नको, मुंगी शिरायला नको, दमट हवा लागायला नको. दुकानात हीच तर शिकवण.

माझं डोकं फिरलं. पुडी यांच्या समोर धरली. "ही साखर न्हाय! जित्तं कणीस हाय ह्ये! त्याला श्वास घ्यायला लागतो! पाखरांपासनं वाचवलं आन् तुमीच गुदमरून मारलं की!"

यांचं तोंड उतरलं. एवढ्या वर्षांत ते तोंड मी तसं पाहिलं नव्हतं. पुडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "मग कशी बांधू? सांग."

चाळीस वर्षांत यांनी पुडी कशी बांधायची हे कुणाला विचारलं नव्हतं. मला विचारलं. माझा राग तिथंच विरघळला. मी म्हटलं, "वरनं टोपीसारखी घाला. खालचं तोंड उघडं ठेवा. वारा खालनं जाऊ दे. पाखरू वरनं चोच मारतं, खालनं न्हाय मारत."

दोन दिवस बांधलेली सगळी कणसं सोडली. बुरशीची गायीपुढंही टाकली नाहीत, खड्ड्यात पुरली. मग नव्यानं बांधायला घेतलं. वर टोपी, खाली वाट. बोटांची सालं निघाली तेव्हा यांनी हळद लावून चिंध्या गुंडाळल्या आणि पुढं चालू. दहाव्या दिवशी रानात एक उघडं कणीस उरलं नाही. भोरड्या येऊन पळसावर बसायच्या, कलकल करायच्या, पुड्यांवर चोच मारून बघायच्या आणि वैतागून उडून जायच्या. हे खाली उभे राहून त्यांना म्हणायचे, "दुकान बंद हाय." इतके हसायचे की ठसका लागायचा.

दिवाळी झाल्यावर कापणी केली. वर्षभराला पुरेल, येळवशीला पुरेल, एवढं धान्य घरात आलं. हातभर लांब आणि टपोरी कणसं मात्र यांनी मळली नाहीत. वाळलेल्या पुड्यांसकट आढ्याला टांगली. "बी," एवढंच म्हणाले.

आमचे खंडोबा दर वर्षीसारखे नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला गेले आणि येळवस आली.

आदल्या दिवशीपासून मी चुलीपुढं. आंबिलीचं गाडगं घोंगडीत गुंडाळून ठेवलं. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे सोलून भज्जी. घरची मिरची, घरची हळद, घरची चिंच. बाजरीचे उंडे. गहू नव्हता, म्हणून राळ्याची खीर केली आणि तिच्यात करंजाच्या ढोलीतला मध घातला. मीठ तेवढं दुकानातलं. सकाळी यांनी पाच पेंढ्यांची कोप घातली. जरा वाकडी झाली, पण आमची होती. मी आत बसले. पाच दगडांना चुना लावला, काव लावली. लक्ष्मीपुढं दिवा लावला आणि मला रडू आलं. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली होती. तिनं शिकवलेलं सगळं हातांना आठवत होतं.

यांनी शेताच्या चारी कडांना आंबील शिंपडली. "ओलगे ओलगे, सालम पलगे!" येळवशीची ही आरोळी यांनी चाळीस वर्षं ऐकलेली, पण स्वतः ठोकली पहिल्यांदाच. मग वाटेवर जाऊन उभे राहिले.

ऊन डोक्यावर आलं तरी कुणी येईना. ज्याची त्याची कोप, जो तो आपल्या शिवारात. आमचं रान वाटेपासून आत. वर झाडी. पाहुणा जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या मनात आलं, एवढं रांधलं, रानानं एवढं दिलं, आणि खायला माणूस नाही आलं तर? येईल त्याला जेवू घालीन असं म्हटलं होतं, पण कुणी आलंच नाही तर शिवलिंगला काय सांगायचं?

आधी शिवलिंगच आला, बायकोला घेऊन. कोपीजवळ बसला. नाकानं गाडग्यांचा अंदाज घेत होता.

तेवढ्यात खालच्या वाटेनं माणसांची रांग दिसली. पुढं बब्रुवान, मागं त्यांची बायको अयोध्या, मुलं, सुना आणि त्यांच्या कोपीवर आलेले सगळे पाहुणे. तीस-पस्तीस माणसं तरी असतील. हे त्यांना बघून पुढं झाले, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणणारा माणूस. नुसता हात वर करून उभा राहिला. मग एकदम सगळं रान दणाणलं.

"या! येळवस खायला या! माझ्या रानात या!"

पंगत पळसाच्या पानांवर बसली. पुन्हा पुन्हा वाढलं. आंबिलीचं गाडगं तळाला गेलं तरी उणं पडलं नाही. अयोध्येनं राळ्याची खीर दोनदा मागून घेतली. बब्रुवान आंबिलीचा तिसरा पेला संपवून मिशा पुसत कोपीकडं बघत होते. मी वाटच बघत होते त्यांच्या वाक्याची. त्यांनी ते म्हटलं नाही. उठून घराच्या दारात गेले आणि आढ्याला टांगलेल्या पुड्यांकडं बघत उभे राहिले.

"शांतलिंगप्पा, ह्या वर्साला भोरड्यांनी आमच्या घरात बियाला बी कणीस ठिवलं न्हाय. एवढं टपोरं बी कुणाकडंच न्हाय गावात." त्यांनी उपरणं पुढं केलं आणि सवयीनं विचारलं, "काय भावानं देता?"

शिवलिंगही सवयीनं उठला. तराजू आणायलाच निघाला होता जणू. यांनी त्याला हातानं बसवलं. आढ्यावरची एक पुडी काढली, दोन्ही हातांत धरली आणि बब्रुवानच्या उपरण्यात ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. "येळवस हाय, बब्रुवानराव. आज भाव न्हाय. चाळीस वर्सं तुमच्या कोपीत जेवलो, कधी तोललं का तुमी?"

बब्रुवाननी उपरणं कपाळाला लावलं. मग हे एकेकाला पुड्या देत सुटले. तोलणं नाही, विचारणं नाही. दिलेल्या हाताकडं बघणंसुद्धा नाही. माझा नवरा देताना मी जन्मभर पाहिलेला, पण असा नव्हता पाहिला. मला त्याचा अभिमान वाटला आणि तो मी या वेळी लपवला नाही. सगळ्यांसमोर पदर डोळ्याला लावला.

शेवटची पुडी उरली. शिवलिंग पुढं आला, डोळे खाली. गिऱ्हाइकासारखा हात पुढं केला. "आप्पा, मला?"

"तुला कशाला? तुला कुठं रान हाय?"

"न्हाय. पण द्या."

यांनी ती पुडी त्याच्या हातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली. "दुकानात टांग. तराजूच्या वर. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांग, ही इकायची न्हाय."

ती पुडी अजून तिथंच आहे. पान काळं पडलंय, वाख सुटलेला नाही. कुणी विचारलं तर शिवलिंग मान वर करून सांगतो, "आमच्या रानातली हाय."